अर्धी-अर्धी गोळी

न्हाय डाक्टरसाहेब, चुकताय तुमी — रागाऊ नका, म्या अडाणी माणूस — पर ‘बाईचं मन कच्चं’ म्हणून मोकळं होऊ नका. अफू आमी दोघांनीबी एकाच दिवशी धरली. बहात्तरच्या दुष्काळात, लोहारा गावाच्या अंगाला रस्त्याचं काम, खडी फोडून हात सुजायचे — एका गड्यानं हरभऱ्याएवढी गोळी दिली, म्या नखानं मधोमध तोडली. अर्धी मला, अर्धी आमच्या मंडळीला, पार्वतम्माला. भाकरी असो, दुखणं असो, आमच्यात वाटा सारखा. रोज तसंच, पाऊस पडंस्तवर. मला काय व्हायचं? डुलकी यायची. आन् तिला? तिचे हात चालायचे, गाणं म्हणायची — दुष्काळातली सरकारी सुकडी खाऊन गाणं! म्या म्हणलं, बरंच हाय की.

मग सोडली. म्या सवताला कडब्याच्या खोलीत कोंडून घेतलं, आठ दिवस लोळलो, नाक गळलं, पाय वळले, नवव्या दिवशी भाकर मागितली. सुटलो. आन् ती? सोडती, पुन्यांदा धरती — तीन वर्सं झाली. सोडली की नातीकडं बघंना, मिठाची चव कळंना, जणू जगण्यातली गोडीच कुणी काढून नेली. तुमी इचारता, म्हातारा सुटला, मग म्हातारीला काय धाड भरली? व्हय, म्याबी असंच म्हणायचो. मला गुण आला म्हणून तिलाबी त्याच खोलीत कोंडली, भाहेरनं कडी. पयले दोन दिवस वरडली. तिसऱ्या दिवशी आवाजच येईना — उघडलं तर भिंतीकडं तोंड करून बसलेली. पाणी पी म्हणलं, पीना. मग गोळी कुणी दिली? म्याच दिली की. म्याच देतो — आजबी एस्टीत बसायच्या आदी दिली. मघाशी तुमी इचारलं तवा खोटं बोललो.

रागवा, मला रागवा. पर एक सांगा — ढोरांचा डाक्टर येतो आमच्याकडं, बैलाला न् दुभत्या म्हशीला एका मापानं औषध देतो का? न्हाय देत. पोट दाबतो, दूध इचारतो. आन् तुमी? ती भाहेर पायरीवर बसलीय, तिची नाडी न्हाय बघितली, डोळं न्हाय बघितलं — माझी हकीकत ऐकून तिचं औषध लिवलं! उठा की साहेब, चार पावलं हाय, एकडाव तिच्या तोंडाकडं —

पुढच्याला बोलावताय? बरं. बोलवा.

ही चिठ्ठी ठिवा तुमच्यापाशीच. माझी हाय ही, तिची न्हाय.

ऊठ, पार्वतम्मा. हितं ह्यांना म्या एकटाच दिसतोय.