हेडमास्तर गैरहजर

बंगळुरात बसवनगुडीच्या एका दर्शिनी हॉटेलात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होती. दोघांच्या गळ्यात एकाच सॉफ्टवेअर कंपनीचं ओळखपत्र होतं.

"हालेश, मला नीट सांग. शाळेच्या हजेरीच्या अ‍ॅपमध्ये मास्तरांना विद्यार्थी कोणी केलं?"

"मीच, मॅडम. हजेरीचं फंक्शन फक्त विद्यार्थी घेतं. शिक्षक दिला की टाइप जुळत नाही म्हणून बोंबलतं."

"मग?"

"मग कोडमध्ये शिक्षकाचा साचा विद्यार्थ्याच्या साच्यातूनच काढला. शिक्षक हाही एक विद्यार्थीच, असं फंक्शनला वाटलं आणि ते गप्प बसलं."

"अरे शहाण्या, मग विद्यार्थ्याचं सगळंच त्यांच्या गळ्यात पडलं की! पालकांचा नंबरसुद्धा?"

"तो रिकामा चालेना. हेडमास्तरांनी गावाकडच्या आईचा दिला."

"आणि काल ते रजेवर."

"हो. आईला मेसेज गेला, 'आपला मुलगा आज शाळेत आलेला नाही.'"

"शिव शिव! म्हातारी घाबरली असेल. का चिडली?"

"तेच कळत नाही, मॅडम. रात्री तिनं त्यांना फोन केला. म्हणाली, 'शाळेत गेला नाहीस म्हणून पुरणाची होळिगे करून दिवसभर वाट बघितली. मग घरी का नाही आलास?'"

"...आता तरी दुरुस्त केलंस ना?"

"सकाळी करायलाच बसलो होतो. तेवढ्यात हेडमास्तरांचा फोन. आजही रजा टाकलीय म्हणाले, आधी आईला मेसेज जाऊ दे, मग दुरुस्त कर."

"म्हणजे? आहेत कुठे ते?"

"गावच्या बसमध्ये."