हिल्ट्येबाईंचा लिंबू-चमचा

...नाही, तुम्हीच सांगा, पोह्यांवर लिंबू मागणं हा गुन्हा आहे का हो? एक फोड! बरं, अर्धी फोड! फ्रिज उघडावा तर समोर बारा लिंबं, पिवळीधमक, ओळीनं मांडलेली, आणि एकाला बोट लावलं रे लावलं की बेडरूममधून आवाज, "अहो, ठेवा ते! सरावाचं आहे!" सरावाचं! लिंबू! तीन आठवडे मी कोरडे पोहे खातोय. मी म्हटलं, अगं अनुराधा, ही लिंबू-चमच्याची शर्यत आहे, लिंबू-चमच्याची! तर तिनं माझ्याकडे असं बघितलं... पेशंट औषध थुंकतो ना, तेव्हा त्याच्याकडे बघते तसं.

हां, तुम्हाला मुळापासून सांगतो. मी मोहन, गाव कराड, सतरा वर्षं इथं सौदीत, जुबैलला हॉस्पिटलात एक्स-रे काढतोय. बायको अनुराधा त्याच हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स. आणि आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या खेळांमध्ये महिलांच्या लिंबू-चमच्यात ही बाई नऊ वर्षं, सलग नऊ वर्षं पहिली! बक्षिसाचे नऊ स्टीलचे डबे आहेत घरात, एकात रवा, एकात साबुदाणा, बाकीचे नुसते बघायला. घरात मला चहा देताना निम्मा बशीत सांडते, पण तोंडात चमचा धरला की त्यातलं लिंबू? हलत नाही!

यंदा दहावं वर्ष. आणि यंदाच नेमका मंडळाच्या अध्यक्षा शीलाताईंना प्रमुख पाहुणा मिळेना. दरवर्षी आमच्या हॉस्पिटलचे डायरेक्टर येतात, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसतात, बक्षिसं देतात, तिळगूळ खातात आणि जातात. कुणाला त्रास नाही. यंदा ते सुट्टीवर. तर आमच्या बाईसाहेब स्वतःहून... स्वतःहून हं, मी चकार शब्द काढला नव्हता... म्हणाल्या, "शीलाताई, आमच्या कॉम्पाउंडात एक डच बाई राहतात, हिल्ट्ये. गुडघा दाखवायला आमच्या वॉर्डात येतात. पूर्वी स्केटिंग करायच्या म्हणे. विचारू का?"

करायच्या म्हणे! अहो, बाई तीन वेळा जगज्जेती! नेटवर नाव टाकलं तर फोन गरम झाला माझा. बर्फावरची स्पीड स्केटिंग. तिथं म्हणे या खेळासाठी लोक ऑफिसं सोडून टीव्हीसमोर बसतात, आणि ही बाई इथं आमच्या शेजारच्या गल्लीत तीन वर्षं राहतेय, आणि मी तिला काय म्हणायचो? "गुड मॉर्निंग, नाइस वेदर."

आमंत्रण द्यायला आम्ही दोघं गेलो. दार उघडलं तिच्या नवऱ्यानं, वाउटरनं. रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आहे ना, तिथं इंजिनीयर. उंच, गरीब स्वभावाचा, बायको बोलायला लागली की कॉफी करायला आत जाणारा माणूस. मला बघताक्षणी आवडला. आणि पदकं कुठं होती सांगू? दाराशी किल्ल्या अडकवायच्या हुकाला! गाडीची किल्ली, पोस्टाच्या पेटीची किल्ली आणि त्याच हुकाला जागतिक विजेतेपदाचं सुवर्णपदक! आमच्याकडे नऊ डब्यांना शोकेस आहे हो.

मग ती बोलायला लागली. वय सत्तावन्न, केस पांढरे, आणि मांड्या... माफ करा, पण मी एक्स-रेवाला आहे, माझी नजर तिथंच जाते... मांड्या अजून दगडासारख्या! तिचं गाव कालव्याकाठी. थंडीत कालवा गोठला की बापानं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची बर्फावर आणून ठेवली आणि म्हणाला, ढकल. चार वर्षांची पोर खुर्ची धरून ढकलत ढकलत बर्फावर उभं राहायला शिकली. मग शाळेला तशीच जायची, कालव्यावरून. मग चारशे मीटरचा बर्फाचा ट्रॅक, दोन पट्टे, एका वेळी दोघीच पळणार, दर फेरीला पट्टा बदलायचा, आणि खरी शर्यत शेजारणीशी नाहीच, घड्याळाशी! सेकंदाच्या शंभराव्या भागानं माणूस जिंकतो किंवा रडतो. "अशी," म्हणाली, आणि दिवाणखान्यातच खाली बसली. म्हणजे बसली नाही, खुर्ची नसताना बसली! शाळेत गुरुजी आम्हाला शिक्षा म्हणून खुर्ची करायला लावायचे ना, तश्शी! आम्ही दोन मिनिटांत कोसळायचो. ही बाई त्या शिक्षेत वीस वर्षं पळाली, स्वखुशीनं! आणि गुडघा? तो एक्स-रे मी पाहिलाय. हाडावर हाड टेकलंय. तो फोटो बघून मी म्हटलं होतं, हा पेशंट व्हीलचेअरवर आला असणार. पेशंट जिन्यानं आला होता.

पण अंगावर काटा आला तो पुढच्या गोष्टीनं. अठ्ठावीस वर्षांची, दोनदा जगज्जेती, सगळं छान चाललेलं... आणि नवे बूट निघाले. जुन्या बुटाचं पातं टाचेला घट्ट. नव्याचं पातं टाचेपासून सुटायचं, पाय उचलला की ठक् आवाज व्हायचा. सगळे मोठे खेळाडू हसले, हीसुद्धा हसली. पुढच्या हिवाळ्यात ते बूट घातलेल्या कालच्या पोरींनी हिला मागं टाकलं. जगज्जेती अकरावी आली! मग काय केलंत, अनुराधानं विचारलं. बाई शांतपणे म्हणते, "शिकले." चौदा वर्षांच्या एका मुलीच्या मागं मागं, पहिल्यापासून, पडत, धडपडत, दोन वर्षं! चोवीस वर्षांत पायांना लागलेली सवय मोडायची म्हणजे गंमत आहे का? लोक म्हणाले संपली. आणि तिसरं जगज्जेतेपद त्याच टकटक बुटांवर! मी तर हातातला कप तसाच धरून बसलो होतो. देवाशपथ सांगतो, एवढी मोठी बाई मी आयुष्यात इतक्या जवळून पाहिली नव्हती.

आणि इथं आमच्या बाईसाहेबांनी घात केला. सहज, गप्पांच्या ओघात, म्हणाली, आमच्या खेळात तोंडात चमचा, चमच्यात लिंबू आणि हात पाठीमागे.

"हात पाठीमागे?" हिल्ट्येबाई ताठ झाल्या.

हो ना! स्पीड स्केटिंगवाले सरळ पट्ट्यावर कसे पळतात? वाकून, मान स्थिर, आणि हात पाठीमागे! अहो, ही बाई वीस वर्षं लिंबू-चमचाच खेळत होती, फक्त लिंबू नव्हतं! अनुराधा हसत म्हणाली, "तुम्हीही घ्या ना भाग, फॉर फन." फॉर फन! मी वाउटरचा चेहरा पाहिला, कॉफीचा ट्रे घेऊन दारात थांबलेला. त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटेची अजान होऊन गेली, मी बाल्कनीत आलो, तर कॉम्पाउंडच्या रस्त्यावर एक पांढरं डोकं सरकतंय. खांदे हलत नाहीत, मान हलत नाही, तोंडात चमचा! एक फेरी, दोन फेऱ्या, सात फेऱ्या. मी हाक मारली, "बघ गं!" अनुराधा आली, कठड्याला धरून आठवी फेरी पाहिली. तिसऱ्या दिवसापासून तीही खाली! ही रस्त्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला, दोघी एकमेकींना गुड मॉर्निंगसुद्धा करत नाहीत, कारण तोंडात चमचा! लिंबू-चमचा आहे हो हा, लिंबू-चमचा! याला कुणी इतकं मनावर घेतं का?

कोपऱ्यावर कादिरभाईंचा बकाला आहे, दापोलीचे आहेत, वाणसामान त्यांच्याकडूनच घेतो आम्ही. ते मला बाजूला घेऊन म्हणतात, "मोहनशेट, आपल्या कॉम्पाउंडात शरबताचा कारखाना काढलाय काय वो? ती गोरी बाय येते, येक येक लिंबू तराजूवर ठेवते, फिरवून बघते, धा लिंबांतलं येक घेते. तुमची भाभी येते, ती पण तसंच! बाकीच्या गिऱ्हाईकांना मी काय देऊ, व्हिनेगर?" मी स्वतः कोरडे पोहे खाऊन आलो होतो.

आणि अनुराधाची झोप गेली. नर्स आहे हो ती, मोठ्या मोठ्या ऑपरेशनमध्ये हात थरथरत नाही, पण आता जेवताना मध्येच म्हणायची, "ती मला हरवणार." मी म्हटलं, अगं, जगज्जेतीकडून हरलीस तर मिरवण्यासारखं आहे! तर म्हणाली, "अहो, परदेशात येऊन सतरा वर्षं मी सगळ्यांची सिस्टर आहे. सिस्टर इकडे या, सिस्टर तिकडे जा. वर्षातून एक दिवस, पन्नास मीटर, मी पहिली असते." मी उठून उरलेली लिंबं ओळीत लावून ठेवली.

शुक्रवार उजाडला. टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा, पलीकडे निळा प्लास्टिकचा ड्रम, त्याला वळसा घालून परत यायचं. शीलाताईंनी माइक घेतला आणि पाहुण्यांची ओळख करून दिली, "ज्यांनी घसरण्याच्या क्षेत्रात उत्तुंग भरारी घेतली..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिल्ट्येबाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, दोन्ही सोफ्यावर ठेवले, खिशातून स्वतःचा चमचा काढला आणि रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या! प्रमुख पाहुणी! शीलाताई माइकवरच म्हणाल्या, "अगंबाई!"

शिट्टी वाजली. दहा बायका निघाल्या, पाच पावलांत सहा लिंबं जमिनीवर, त्या हसत बाजूला झाल्या. पण या दोघी! तुम्हाला सांगतो, मी असं कधी पाहिलं नाही. हिल्ट्येबाई चालत नव्हत्या, वाहत होत्या! कमरेत वाकलेल्या, हात पाठीवर एकात एक गुंतवलेले, तो हाडावर हाड टेकलेला गुडघा कुठं जाणवत नाही, आणि लिंबू चमच्यात झोपलेलं! अनुराधा दोन पावलं मागं. नऊ डबे डोळ्यांसमोर आले माझ्या. ड्रम आला. वळण आलं, डावीकडचं...

आणि बाई वाकली.

डावा खांदा आत गेला, सगळं अंग आत कललं, उजवा पाय डाव्यावरून पुढे पडला, इतकं सुंदर, इतकं सुंदर वळण, की बर्फ असता तर... पण बर्फ नव्हता. चमचा कलला आणि लिंबू टप्पकन ड्रमला लागून पडलं. अनुराधा ताठ वळली, बावळटासारखी, आपण सगळे वळतो तशी, आणि पहिली आली.

टाळ्या? कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे ड्रमकडे बघत होते. कारण हिल्ट्येबाई थांबल्या नव्हत्या! लिंबू पडलं की बाद, हा नियम त्यांना ठाऊक होता. तरी रिकामा चमचा तोंडात, हात पाठीमागे, मान स्थिर, त्याच वेगानं, शेवटच्या रेघेपर्यंत आल्या! मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. शीलाताई रडत होत्या. मीही रडत होतो, लिंबू-चमच्याला! सत्तावन्न वर्षांची बाई, तीन वेळा जगज्जेती, टेनिस कोर्टावर रिकामा चमचा घेऊन शर्यत पुरी करते, आणि कुणाला दाखवायला नाही, तर अर्धी सोडता येत नाही म्हणून! मोठेपणा काय असतो हे मला जुबैलमध्ये लिंबामुळे कळलं.

रेघ ओलांडल्यावर तोंडातला चमचा काढून त्या अनुराधाला म्हणाल्या, "मी वळणात कलले. सवय. बूट बदलले तेव्हा दोन वर्षं लागली, हे एका वर्षात जमेल." अनुराधा त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी वाट बघेन."

वाट बघेन? मी म्हटलं, बाई गं, कसली वाट? एप्रिलमध्ये आपण कायमचं परत चाललोय! कराडचा फ्लॅट रंगवून झालाय, आई रोज फोनवर तारीख विचारतेय! घरी आल्यावर दहावा डबा तिनं टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, मी कुठं जिंकले? ती कलली. ती न कलता वळेल तेव्हा जिंकून दाखवते, मग जाऊ."

दोन दिवसांनी पार्किंगमध्ये वाउटर भेटला. मार्चमध्ये रिटायर होणार होता बिचारा, गावाकडे होडी घेऊन ठेवली होती त्यानं. हातात कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा फॉर्म. माझ्याही हातात तोच. दोघं गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून भरत होतो. सगळं भरून झालं, शेवटचा रकाना राहिला, मुदतवाढीचं कारण. मी पेन धरून उभा. काय लिहिणार हो? मान तिरकी करून वाउटरच्या फॉर्ममध्ये बघितलं. त्यानं लिहिलं होतं, "कौटुंबिक अडचण."

मी तेच उतरवून काढलं.