संगीताने यंत्राला मराठी शिकवलं

आबा, अक्का, सर, बाई आणि वसतिगृहातल्या मैत्रिणींनो,

पाचोऱ्याहून, संगीताच्या गावाहून, धुळ्याहूनसुद्धा तुम्ही सगळे आलात. मी ललिता, सावद्याची. संगीता आणि मी वसतिगृहात एका खोलीत राहायचो. तिच्याविषयी बोल, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. जमणार नाही असं वाटलं. मग मनात आलं, आपण गप्प राहिलो तर लोक एवढंच म्हणतील, बिचारी, हृदयाचं दुखणं होतं, गेली. ती बिचारी नव्हती. हे सांगायला मी उभी आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

लहानपणी तिचे सांधे धरले होते आणि त्यात हृदयाची झडप बिघडली. हे आपल्याला माहीत आहे. पण तिला भेटलेल्या माणसाला हे आधी कळायचं नाही. आधी कळायचं ते तिचं कॅल्क्युलेटर. तिचे मामा आखातात नोकरीला. त्यांनी आणलेलं. आलेख काढणारं कॅल्क्युलेटर आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. समीकरण भरा, बटण दाबा, छोट्याशा पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी वक्र उमटायचा. आम्ही बघतच राहिलो. संगीता मात्र म्हणाली, "इतकंच?"

आबा, तुम्ही लेकीला विचारलं होतं, "हाई काय करस?" आणि ती म्हणाली होती, "आते थोडंच करस. बाकीनं मी शिकाडसू." तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा हसला होतात.

तिने खरोखर शिकवलं. त्या यंत्रात आज्ञा एकामागून एक भरून ठेवता यायच्या. इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन ती बसायची, शब्दकोश मांडीवर. आणि ती हे कशासाठी करत होती? माझ्यासाठी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गणितात नापास झाले होते. आम्ही दोघी मराठी शाळेतल्या. बाई फळ्यावर भरभर इंग्रजीत सांगायच्या. माझ्या वहीत सगळं उतरायचं, डोक्यात काही नाही. मी सावद्याला परत जायचं ठरवलं होतं. पेटी भरली होती. संगीताने ती पेटी पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "तुला स्पर्शिका समजत नाही ना? मी तुला ती चालताना दाखवते. मग जायचं तर जा."

आणि तिने ती चालवली. वक्रावर एक सरळ रेघ, एका बिंदूला टेकलेली. बटण दाबलं की रेघ पुढे सरकायची, कलायची, आडवी व्हायची, पलीकडे झुकायची. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. पेटी रिकामी केली. नंतरच्या परीक्षेत मी पास झाले.

तरी ती थांबली नाही. म्हणाली, रेघेशेजारी तिचा चढ, म्हणजे ती किती कलली आहे, ते यायला हवं, आणि आपल्या भाषेत यायला हवं. त्या यंत्राला इंग्रजी अक्षरं यायची, मराठी यायची नाहीत. मग तिने आलेखाच्या कागदावर चौकटी भरून 'च' काढला, 'ढ' काढला, आणि एकेक ठिपका यंत्राला सांगितला. यंत्राची जागा संपायची. ती आज्ञा कमी करायची, परत भरायची, परत संपायची. शेवटी रेघेशेजारी 'चढ' असं उमटलं आणि पुढे आकडा. तेवढ्या एका शब्दासाठी दिवाळीची सुटी गेली. अक्का, तुम्ही रागावला होतात, लेक घरी आली पण फराळालाही बसत नाही म्हणून.

मग धुळ्याचं विज्ञान प्रदर्शन. आम्ही दोघी एसटीने गेलो. परीक्षकांनी यंत्र कुठून आणलं ते विचारून घेतलं, पडदा पाहिला आणि म्हणाले, "हे परदेशातून भरूनच आलं असणार."

संगीता म्हणाली, "सर, परदेशात 'चढ' कोण लिहील?"

ते म्हणाले, "मग मामांनी कोणाकडून करून घेतलं असेल."

तिने यंत्र पालथं केलं, मागचं झाकण काढलं आणि सगळे सेल टेबलावर ठेवले. ती काय करतेय ते मला कळलं. सेल काढले की यंत्राच्या आठवणीतलं सगळं पुसलं जातं. काही उरत नाही. तिने थोडा वेळ जाऊ दिला, सेल परत घातले आणि पडदा त्यांना दाखवला. कोरा. मग म्हणाली, "आता बघा."

समोर कागद नव्हता. तिने पहिल्या आज्ञेपासून भरायला सुरुवात केली. माणसं जमली. एकदा 'ढ'चं पोट वाकडं आलं. मागून कोणी हसलं. तिने चूक शोधली, दुरुस्त केली, पुढे गेली. तिच्या ओठांचा रंग बदललेला मला दिसत होता. मी म्हटलं, पुरे. तिने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्याच परीक्षकांनी स्वतःची खुर्ची आणून तिला दिली आणि स्वतः उभे राहिले, शेवटपर्यंत. 'चढ' उमटलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बेटा, माझं चुकलं." ते आज इथे आले आहेत. सर, तुम्ही आलात, तिला बरं वाटलं असतं.

बक्षीस मिळालं नाही. परत येताना मी चिडले होते. ती खिडकीशी बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. म्हणाली, "रेघ खाली झुकली तरी आपण चढच लिहितो, ललिता. तिथे 'उतार' यायला हवं. जागा कुठून काढू?"

ते राहिलं. ऑपरेशनला मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आली नाही.

काय म्हणायचं याला? मला माहीत नाही. मला पुढचं माहीत आहे. रविवारी दुपारी ती पहिल्या वर्षाच्या मुलींना गणित शिकवायची. यावलच्या, पाचोऱ्याच्या, मराठी शाळेतून आलेल्या मुली. यंत्र हातोहात फिरायचं. काल आबांनी ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "हाई तू ठेव. आमना घरमा नुसतं पडी राही."

आबा, ते पडून राहणार नाही. मला संगीताइतकं येत नाही. शिकेन. मुलींनो, येत्या रविवारी वर्ग भरेल. रडू आलं तरी या. नापास झालेल्या असाल तर नक्की या.

आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नये. संगीता, आम्हा सगळ्यांचा तुला नमस्कार.