अकराव्या पानावर

लंडनजवळच्या हॅरोमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्ये बसलो होतो. मागच्या खुर्च्यांवर एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते.

"तनू, आमचा ग्रॅहम इलेक्शन हरला ऑस्ट्रेलियात."

"पूर्वी तुमच्या पेपरमध्ये ज्युनियर रिपोर्टर होता तो? तो तर तिकडे पार्टी लीडर झाला होता ना, बाबा?"

"हो, तिथल्या एका स्टेटमध्ये. मतदानाच्या दोन दिवस आधी त्यानं स्वतःच प्रेसला बोलावलं. म्हणाला, मिनिस्टरवर मी केलेला आरोप खोटा निघाला, माझी चूक झाली."

"कोणी पकडली होती का त्याची चूक?"

"कोणीच नाही."

"मग इलेक्शननंतर सांगायचं ना! सो स्टुपिड."

"तुझ्या जन्माआधी मी चोरीच्या बातमीत चोर म्हणून भलत्याच दुकानदाराचं नाव छापलं होतं. तेव्हा ग्रॅहम म्हणाला, बातमी पहिल्या पानावर होती, मग दुरुस्तीही पहिल्या पानावरच घ्या."

"घेतली?"

"अकराव्या पानावर. दोन ओळी, बारीक टाइपात."

"आणि तो दुकानदार?"

"दुकान बंद करून गेला कुठेतरी."

"तुम्हाला काही झालं नाही?"

"झालं ना. त्याच वर्षी मला एडिटर केलं."