पाण्याच्या कडेची काठी

— नका दाबू! अहो, नका ना दाबू त्या निरोपाच्या यंत्राचं बटण अजून. बसा. हां, त्या ओंडक्यावर, तिथं मुंग्या नाहीत. डास आहेत, पण डास काय, त्यांना टोरोंटोचं रक्त फार आवडतं, वर्षातून एकदाच मिळतं ना. बघू काय लिहिलंय कंपनीला — "वाटाड्या म्हातारा झालाय. त्याला दिसत नाही. तराफा हरवला. हेलिकॉप्टर पाठवा." वा! तुम्ही दातांचे डॉक्टर ना? लिहिताय मात्र डोळ्यांचे असल्यासारखं. आणि पहिलं म्हणजे तराफा हरवला नाही, गेलाय. हरवणं वेगळं, जाणं वेगळं. खाली दुसऱ्या वळणावर ओंडक्यांचा ढीग साचलाय, या नदीवरनं जे वाहून जातं ते तिथं जाऊन अडकतं — झाडं, मेलेला मूस, म्हणजे इथलं ते घोड्याएवढं सांबर, एकदा तर कुणाचं तरी प्लास्टिकचं संडासाचं भांडं. तुमचा तराफाही तिथंच असणार. माझा आजा गेलाय ना बघायला, सकाळी आठलाच, काठाकाठानं, चालत. एकाहत्तर वर्षांचा माणूस. आणि हो, तुमचे नऊशे डॉलरचे बूट तराफ्यावरच होते, माहितीय, तीनदा सांगितलंत. आत्ता पायात घातलेत ते रबरी कुणाचे? आजाचे. मग तो कशात गेला? मूसच्या कातड्याच्या जोड्यात, जो ओला झाला की पायाला चिकटतो. "त्याला दिसत नाही" लिहायच्या आधी निदान त्याचे बूट तरी पायातनं काढायचेत!

काय म्हणालात? ए पोरी? डेल्फीन. डेल्फीन म्हणतात मला, पाच दिवस झाले, तुमचा चहा, तुमची भांडी, तुमच्या तराफ्याचं मागचं वल्हं — सगळं डेल्फीन करते, आणि अजून "ए पोरी". सतरा वर्षांची आहे मी. हां, शाळा सोडली, मग? शाळेत कुठं शिकवतात तराफा उलटा झाला तर काय करायचं? तुम्ही एवढे शिकलात, आणि लांडगे येऊ नयेत म्हणून तीन दिवस रोज सकाळी नदीकडे तोंड करून गाणं म्हणत होतात. — कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं. पण आले का लांडगे? नाही ना? मग!

बाकीचे तिघं तंबूत रुसून पडलेत ते बरंय, म्हणून तुम्हाला एकट्याला सांगते. कंपनीची बाई आहे ना, दक्षिणेत बसते, ही नदी फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलीय तिनं — ती मागच्या वर्षीच आजाला म्हणाली, इझिडोर, आता एक जरी तक्रार आली तर तुझी वल्ही खाली. तिच्याकडे एक पोरगा तयार आहे, पाच प्रमाणपत्रं आणि पांढरे दात, तुम्हाला आवडेल. आजानं एक्केचाळीस उन्हाळे माणसं नेली या नदीवरनं. एक माणूस बुडाला नाही. एक! म्हणजे तुमच्या त्या दोन ओळी गेल्या की हा उन्हाळा शेवटचा. मग तो काय करणार? खुर्चीवर बसून टीव्ही बघणार? टीव्हीतल्या नदीलासुद्धा शिव्या देतो तो — चुकीच्या बाजूनं घेतली म्हणतो!

आणि तो आंधळा नाही. ऐका ना. तुम्ही रोज बघता ती काठी — साल काढलेली, विलोच्या झाडाची, संध्याकाळी तो अगदी पाण्याच्या कडेला रोवतो आणि बुडाशी तीन दगड लावतो. झोपेतनं उठला की तंबूतनंच मान काढून बघतो. काठी पाण्यात गेली तर नदी चढतेय, काठीपुढं कोरडे गोटे दिसले तर उतरतेय. संपलं. त्याच्या आज्यानंही तेच केलं. तुम्ही लगेच दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी तुमचा तो चकचकीत चालायचा दांडा रोवलात, इंचांच्या खुणावाला, आणि तासातासाला उठून ओरडायला लागलात — "दीड इंच! दोन इंच!" सगळा तंबू जागा. नदीची शांतता ऐकायला आलात म्हणे! निघताना आजानं सगळ्यांच्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवली, पाण्याला द्यायला — आपण घेतो तर देतोही — तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "तंबाखूनं कॅन्सर होतो." नदीला! आजा तीन मैल हसत होता. तोंडावर नाही हसला, तो तसा नाही. मी हसले तोंडावर.

हां, तर काल रात्री. आजा उठला तेव्हा काठीपुढं गोटेच गोटे, कोरडे. म्हणजे नदी उतरतेय. म्हणजे सकाळपर्यंत तराफा दगडांवर बसणार आणि मग तुम्हा चौघांना ओढायला लावलं की तुमची कंबर, तुमची पाठ, तुमचा वकील. म्हणून त्या माणसानं तुमच्यासाठी — तुमच्यासाठी हो! — झाडाचा दोर सोडला, तराफा खाली खोल पाण्यात ढकलला आणि खालच्याच एका दगडाला बांधला. आणि नदी तर चढत होती. वर डोंगरात पाऊस झाला असणार. दगड पाण्यात गेला, फास निसटला, तराफा गेला. आता काठीच चार पावलं वर असेल तर कुणीही फसणार, देवबाप्पाही फसेल, त्यात डोळ्यांचा काय —

काय?

चार म्हटलं का मी? अंदाजे हो. तीन असतील. मला काय माहिती किती पावलं, मी काय मोजत — असं बघू नका. दात तपासताना असंच बघता का लोकांकडं? पेशंट पळून जात असतील.

बरं. बरं! मी सरकवली. झालं? तुमच्यासाठीच सरकवली. रात्री साडेअकराला, तुम्ही सगळे डोळ्यावर पट्ट्या बांधून झोपलेलात, ऊन होतं चांगलं, इथं जूनमध्ये सूर्याला झोप येत नाही, मलाही येत नव्हती. दोन्ही उपटल्या, काठी आणि तुमचा दांडा, आणि चार पावलं वर नेऊन रोवल्या. म्हटलं, हा डॉक्टर आता तासाभरानं उठेल आणि बोंबलेल, "नदी आटली! आपण अडकलो! पाणी कुठंय!" आणि मी तंबूत उशी तोंडात कोंबून हसेन. मग आजा उठायच्या आत परत लावायची. एवढंच. पण तुम्ही उठलातच नाही! पाच दिवसांत पहिल्यांदाच तुम्ही गाढ झोपलात, आणि वाट बघता बघता मीही झोपले. आता सांगा, चूक कुणाची?

माझी, माहितीय. विचारलं नव्हतं तुम्हाला.

आजाला? त्याला नाही सांगितलं. कसं सांगणार? सकाळी सगळे ओरडत होतात तुम्ही, आणि तो निघता निघता सगळ्यांसमोर म्हणाला, "काठीची चूक नाही, माझेच डोळे गेले." माझ्याकडं बघून म्हणाला. मी चुलीत फुंकत बसले. राख गेली डोळ्यात, म्हणून ते पाणी. राखेचं.

चला, खोटं वाटतं ना, दाखवते चार पावलं. या. हळू, ते बूट मोठे आहेत तुम्हाला. ही काठी, मी रोवलेली. एक — दोन — तीन — आणि इथं ती आधी होती. हे बघा, तीन दगड. त्याचेच. मी काठी तेवढी उपटली, दगड कोण हलवतंय. पहाटे पाण्याखाली होते, मग पाणी उतरलं तसे वर आले, आणि —

थांबा.

पाय काढा तिथनं. पाय काढा म्हणते ना!

तंबाखू आहे. दगडांच्या मधोमध, काठीच्या भोकावर. चिमूटभर. मी नाही ठेवली. तुम्ही? तुम्ही कुठले ठेवणार. कोरडी आहे, बघा, बोटाला लागतेय. म्हणजे पाणी उतरल्यावर ठेवलीय. आज सकाळी. निघायच्या आधी.

म्हणजे त्यानं दगड बघितले, काठी हललीय ते कळलं त्याला. मग तंबाखू ठेवली. आणि मग तिकडं येऊन तुमच्या सगळ्यांपुढं म्हणाला, माझेच डोळे —

द्या ते यंत्र इकडं. नाही, नको, तुमच्याकडंच राहू दे. तुम्हीच लिहा. "म्हातारा" खोडा. "दिसत नाही" खोडा. लिहा, वाटाड्याच्या नातीनं काठी हलवली. डेल्फीन. चार पावलं. सगळं लिहा आणि मग दाबा, मी नाही अडवत.

आता जा. तुमच्या तंबूत जा, नाहीतर त्या ओंडक्यावर बसा, पण इथनं जा. ते बघा वळणावर — टोपी दिसतेय ना? आणि खांद्यावर लोंबतंय ते काय? तुमचे बूट आणतोय तो, नऊशे डॉलरचे. जा म्हटलं ना! तो यायच्या आत मला काठी जागेवर लावायचीय.