डबा धुवू नका

माझं गाव परभणीकडलं, ताई, पार तिकडं, हितनं निघालं तर दिवस मोडतो. सातवीत शाळा सुटली, आई म्हणाली भावंडं सांभाळ, मग लग्न, आन आमचं हे म्हणाले कोल्हापूरला फौंड्रीत काम हाय, चल. आले की. हितल्या बायका मी येतो, मी जातो असं गड्यावानी बोलायच्या, मला हसू यायचं, आता म्हायेरी गेले की माझ्याच बोलण्याला हसत्यात, म्हणत्यात कुठली पावणी आली ही.

काय सांगू तुम्हाला, आमचं हे गेले ते चालता बोलता गेले. भट्टीपाशी हुते, बसतो जरा म्हणाले, बसले, आन उठलेच न्हाईत. ताप न्हाय, आजार न्हाय, काय न्हाय. चार माणसं घरला आली आन एकानं ह्यांचा जेवणाचा डबा माझ्या हातात दिला, धुऊन, पुसून, चकचकीत करून. मायेनंच धुतला हुता हो, बाईला खरकटं कशाला द्यायचं म्हणून. पण मला आजवर कळलं न्हाय, आमचं हे जेवून गेले का उपाशी गेले. म्या वांगं केलतं त्या दिवशी. विचारलं मी सगळ्यास्नी, एक म्हणाला जेवले, एक म्हणाला मी बघितलं न्हाय. अजून पोरांच्या ताटात वांगं वाढताना हात थांबतो माझा.

माती झाली की घरात चूल पेटवत न्हाईत, पयला घास भावकीनं आणायचा, कडू घास म्हणत्यात त्याला. माझी भावकी परभणीत. शेजारची शमीमभाभी पिठलं-भाकरी घेऊन दारात उभी राहिली, म्हणाली, माझ्या हातचं चालतंय का गं तुला? म्या म्हटलं, भाभी, तुझ्याबिगर कोण हाय मला हितं. तिनंच भरवलं. तिचे उपकार न्हाय फिटायचे, आन कारखान्याचे बी, साहेबांनी मला तिथंच कॅन्टीनला घेतलं, त्यावरच पोरं वाढली.

तवापास्नं कुणाच्या घरी असं झालं की साहेब म्हणत्यात, मावशी, तुम्ही जावा, बाईमाणसापाशी बसा. मी काय करते, काय न्हाय. पाणी देते, पोरगं रडलं तर घेते, गप बसते. एवढंच सगळ्यास्नी सांगून ठेवलंय, डबा धुवू नका.

आन परवा सागर गेला. हातकणंगल्याकडचा पोरगा, लई चेष्टेखोर, मला म्हणायचा, मावशी, ह्या चहात साखर घातलीय का नुसती दाखवलीय? शेडचा पत्रा बदलायला चढलता, पत्रा फुटला, वरनं खाली पडला. जेवणाची सुट्टी अजून व्हायची हुती. मी त्याचा डबा उचलला तर जड. भरलेला. साहेब म्हणाले, मावशी, मोकळा करून न्या, जेवला म्हणून सांगा, तेवढंच बरं वाटंल त्याच्या बायकोला. मी नळापाशी गेले बी, झाकणाला हात घातला, आन डोळ्यापुढं आला तो ह्यांचा चकचकीत डबा. न्हाय केला मोकळा. तसाच पदराखाली घेऊन गेले, पण वाटभर मनात एकच, ती काय म्हणंल मला, शाप तर न्हाय देणार.

दिवस कलताना माती झाली, माणसं आंघोळी करून बसली. त्याची बायको राणी, केवढीशी ती, अंगावर पितं लेकरू, सकाळपास्नं पाणी सुदीक घेतलेलं न्हाय. भावकीतनं भाकरी आली, कोण भरवाय गेलं की तोंड फिरवायची. लेकरू छातीला लागायचं आन रडायचं. सासू म्हणाली, खा गं बाई, त्याच्यासाठी तरी खा. न्हायच. मग राणी माझ्याकडं बघून म्हणाली, मावशी, जेवलं हुतं का हो ह्येनी?

मी डबा तिच्या पुढ्यात ठेवला. न्हाय गं बाळ, म्हटलं, सुट्टीच्या आधीच झालं सगळं.

तिनं झाकण काढलं. चपात्या, दोडक्याची भाजी, कडंला शेंगदाण्याची चटणी. बघत बसली. म्हणाली, सकाळी भांडून गेलं हुतं, रोज रोज दोडका काय म्हणून. आन मग रडली, इतकी रडली, दिवसभर दगडावानी बसलेली बाई. चपातीचा तुकडा मोडला तिनं. एक म्हातारी वरडली, अगं, आज घरातलं खायाचं नसतंय, बाहेरनं आलेलं खायाचं. मी मोठ्या माणसापुढं बोलत न्हाय कधी, मी परमुलखाची, पण बोलले, बाहेरनंच आलंय आजी, कारखान्यातनं, मी आणलंय. सासू म्हणाली, खाऊ द्या तिला. राणीनं अख्खा डबा खाल्ला, रडत रडत, चपातीनं कडा पुसून. मग लेकराला पदराखाली घेतलं.

बरं केलं का वाईट, मला अजून कळंना. भ्या तर रोजचंच हाय, भोंगा जरा येळेआधी झाला की हातातलं भांडं सुटतंय. सुट्टीत पोरं डबं उघडून बसली की मी किटली घेऊन त्यांच्यामधनं फिरते, कुणी बोलत बसला की वरडते, आधी खा रे बाबा. पोरं हसत्यात, म्हणत्यात आली बघा मावशी. हसू देत. भरल्या पोटानं हसू देत, आन संध्याकाळी आपापला मोकळा डबा घेऊन घरला जाऊ देत.