मुलगा कसा आहे

हो, माझाच दीर — बसा ना काका, त्या खोक्यावर बसा — आणि कोंबडीचं नुसतं निमित्त, तुम्ही मुलीचे वडील आहात, ते दारातच कळलं मला. मुलगा कसा आहे, एवढंच ना? चांगला आहे. तिशीला टेकलाय, पण सासूबाईंना विचाराल तर अजून पोरगंच आहे. शेजारच्या सायकलवाल्याचे दात पाडले — पोरगं आहे, भडकतं. थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, याच ओट्यावर डोकं आपटलं, डावा कान गेला त्याचा — जवान गडी आहे, रक्त गरम आहे, चालायचंच. नवराही घरातलं सगळं तेव्हापासून त्याच कानानं ऐकतो. आणि लग्नाचं निघाल्यावर तोच एकदम 'मुलगा' झाला — कर्ता, मनमिळाऊ. तुकडे लहान करू ना? करते.

माझा आहे आठ वर्षांचा. काल त्याच्या हातून घाणीची बादली सांडली. दीर म्हणाला, एवढा घोडा झालास, आता बाप्यासारखा मार खा — आणि पाण्याची नळी घेतली, ही, ही इथली. सासूबाई दारात उभ्या, म्हणतात, मुलग्यांनी रडायचं नसतं. म्हणजे बघा, आठ वर्षांचा तो घोडा आणि तिशीचं ते पोरगं. रात्रभर पालथा झोपला माझा, पाठ टेकवता येईना.

आज सकाळी पुन्हा नळी उचलली दिरानं. सत्तूर माझ्या हातातच होता — असतोच, धंदाच तो. नळी धरलेला हात ओट्यावर टेकला होता, मी काही फार जोर लावला नाही, कोंबडीच्या मानेला लागतो तेवढाच — बसा काका, बसा, जिवंत आहे तो. चार बोटं गेली. भावानंच दवाखान्यात नेलाय, मागून सासूबाई, माझं बाळ, माझं बाळ करत. दुकान उघडं ठेवलं, कारण बंद ठेवलं असतं तर चार लोक विचारत आले असते. ओटा दोनदा धुतलाय मी, घाबरू नका.

तुमच्या मुलीला सांगा, मुलगा पाहिला. ही घ्या पिशवी, पैसे राहू द्या. आणि निघा आता — पोलीस यायच्या आत मला पोराला जेवायला घालायचंय.